धबधब्याच्या वाटेवरची जोती

मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून किंवा गॅलापागोस बेटांवरून शीड उभारून पश्चिमेला निघालेल्या लहान नौकेला पुढची जमीन दिसायला तीन ते चार आठवडे लागतात. मधलं अंतर सुमारे 3000 सागरी मैल, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटर. आणि वेग सायकलवर रमतगमत जाणाऱ्या माणसाइतका. एवढ्या पाण्यानंतर जी पहिली बेटं लागतात ती मार्केसास. फ्रेंच पॉलिनेशियाचा हा ईशान्येकडचा तुकडा ताहितीपासून सुमारे 1400 किलोमीटरवर आहे. भारताप्रमाणेच इथलंही घड्याळ अर्ध्या तासाच्या हिशेबाचं, आपल्यापेक्षा बरोबर पंधरा तास मागे. या समूहातलं सगळ्यात मोठं बेट नुकू हिवा. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर ताइओहाए हे मुख्य गाव आणि तिथून पाचेक सागरी मैल पश्चिमेला ताइओआ नावाची दोन पाखांची खाडी. मार्केसासभोवती ताहितीसारखी प्रवाळाची भिंत नाही. त्यामुळे समुद्राची लाट थेट बंदरात शिरते आणि नांगरलेली नौकाही रात्रभर डुलत राहते. ताइओआच्या पूर्वेकडच्या पाखात, हाकातेआत, मात्र पाणी तळ्यासारखं निवांत असतं. महिनाभर धड झोप न झालेल्या खलाशाला याहून मोठं सुख नाही. झोप झाली की पायांना चालायचं असतं, आणि चालायला इथे एकच जगप्रसिद्ध वाट आहे. शेजारच्या हाकाउई दरीतून ती वाइपो धबधब्याकडे जाते. सुमारे 350 मीटर उंचीचा हा धबधबा पॉलिनेशियातल्या सर्वांत उंच धबधब्यांत गणला जातो.

हा दिवस कसा जातो ते आधी सांगायला हवं. सकाळी नौकेवरून होडकं सोडायचं आणि भरती बघून हाकाउईच्या नदीमुखातून आत घ्यायचं. सुकतीला मुखावरची वाळूची पट्टी उघडी पडते आणि तिच्यावर फुटणाऱ्या लाटेत होडकं उलटणं हा तिथला नेहमीचा फजितीचा प्रकार आहे. हे नको असेल तर हाकातेआच्या पुळणीवर उतरून, मधलं टेकाड ओलांडून चालत यायचं. पुढे चार-दोन घरं लागतात, त्यांची फळबाग, बांधलेला घोडा, खोबरं सुकवायच्या माच्या. मग दोन-अडीच तासांची वाट. ती नदीला इकडून तिकडे ओलांडते, कधी गुडघाभर पाण्यातून, कधी मांडीभर. दोन्ही बाजूंचे काळे कडे हळूहळू जवळ येत जातात. अर्ध्याअधिक वाटेवर एका उघड्या जागेवरून धबधबा अखंड दिसतो, काळ्या भिंतीवर पांढऱ्या दोऱ्यासारखा. गंमत अशी की जवळ गेल्यावर तो दिसेनासा होतो. घळ इतकी अरुंद आणि वाकडी आहे की तळच्या डोहाशी उभं राहिलं तर फक्त शेवटचा तुकडा नजरेला पडतो. बाकीचं पाणी वरच्या कातळाआड कुठेतरी कोसळत असतं. डोहात ईल मासे आणि गोड्या पाण्यातली कोळंबी, वर घिरट्या घालणारे लांब पांढऱ्या शेपटीचे समुद्रपक्षी. कोरड्या दिवसांत दोऱ्याचा धागा होतो आणि इतकं चालून आलेला माणूस हिरमुसतो. तरीही परतल्यावर बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द असतो: अस्पर्श. माणसाचा हात न लागलेली दरी, आदिम अरण्य, जगाच्या टोकाचा धबधबा. मला हा शब्द साफ चुकीचा वाटतो. केवळ भाषेच्या काटेकोरपणासाठी हे म्हणत नाही. या शब्दामुळे माणूस तिथे काय बघतो आणि कसा वागतो, दोन्ही बिघडतं.

पुरावा पायाखालीच आहे. हाकाउईतली वाट गुरांनी पाडलेली पायवाट नाही. कितीतरी ठिकाणी ती चांगली रुंद आहे, दोन्ही कडांना दगड रचलेले आहेत, आणि चढावर ती मुद्दाम भरून काढलेली दिसते. तो जुना गाडीरस्ता नव्हे, कारण या बेटावर चाकच नव्हतं. तो पायी चालणाऱ्यांचा राजरस्ता आहे. त्याच्या दोन्ही अंगांना, शेवाळ आणि मुळ्यांच्या आड, दगडी चौथरे दिसू लागतात. एक, मग तीन, मग मोजणं सोडून द्यावं इतके. तिथल्या भाषेत यांना ‘पाएपाए’ म्हणतात. मराठी वाचकाला समजवायला एकच शब्द पुरेसा आहे: जोतं. माणसाने दोन्ही हात पसरले तरी कवेत येणार नाहीत असे बेसॉल्टचे धोंडे चुन्याशिवाय एकमेकांत असे बसवले आहेत की शतकानुशतकांच्या पावसात ते हललेले नाहीत. जोत्याचा पुढचा भाग सखल आणि फरसबंद असतो, ती ओसरी. मागचा भाग पायरीभर उंच, आणि बऱ्या घरांत त्याच्या दर्शनी कडेला ‘केएतू’ नावाच्या मऊ, तांबूस ज्वालामुखी दगडाच्या तासलेल्या फळ्या लावलेल्या. त्या उंचवट्यावर लाकडाचं, पानांनी शाकारलेलं घर उभं असे. आत झोपायच्या जागेत नारळीचे दोन ओंडके समांतर टाकलेले असत. एकावर मान टेकायची, दुसऱ्यावर पाय. मधल्या जागेत चटया अंथरून सगळं घर एका ओळीत निजायचं. आज लाकूड गेलं, पानं गेली, जोतं राहिलं. काही ठिकाणी ओसरीच्या मधोमध झाड उगवून मुळ्यांनी धोंडे उचलले आहेत. नुकू हिवाच्या दऱ्यांमध्ये अशी जोती तर आहेतच, शिवाय सगळ्या टोळीने जमायची लांबरुंद दगडी पटांगणं आहेत आणि सामान्यांनी पाऊल टाकायचं नाही अशी पवित्र स्थळंही. हाकाउई ही ताइओआ लोकांची दरी होती. धबधब्याकडे जाणारा माणूस अरण्यातून जात नाही. तो एका गावाच्या हमरस्त्यावरून, बंद पडलेल्या घरांच्या मधून जातो.

झाडांकडे पाहिलं तरी हेच कळतं. वाटेवर सगळ्यात जास्त भेटणारं मोठं झाड म्हणजे नीरफणस. कोकणात आणि गोव्यात ज्याच्या कापांवर माणसं जीव टाकतात तेच. पॉलिनेशियात पिकवलेला नीरफणस बहुतेक बिनबियांचा असतो; माणसाने फुटवा काढून लावल्याशिवाय तो पसरत नाही. म्हणजे असं एक झाड दिसलं की तिथे एकेकाळी कुणीतरी फुटवा हातात घेऊन उभं होतं, हे नक्की. मार्केसासच्या लोकांचं हे मुख्य अन्न. हंगामात उतरलेली फळं ते पानांनी मढवलेल्या खड्ड्यांत आंबवून ठेवत. हा साठा वर्षानुवर्षं टिके आणि पावसाने दगा दिला की दरीला तारून नेई. या बेटांवर अवर्षणं नवी नाहीत. जोत्यांच्या आसपास असे खड्डेही सापडतात. त्याखेरीज नारळ, केळी, लिंबं. उंडीचं झाड इथलंही आहे आणि आपल्या किनाऱ्यावरचंही. आपल्याकडे तिच्या बियांचं तेल होड्यांना चोपडत, तिकडे तिच्या लाकडात वाडगे आणि मूर्ती कोरतात. आपली भेंड तिथे आहे, बारतोंडीही आहे. वडासारखं पारंब्या सोडणारं झाड आहे, आणि ते तर त्यांच्या पवित्र जागांची खूणच. पपनसं मात्र अलीकडची; विसाव्या शतकात बोर्निओच्या सारवाकमधून ताहितीत आली आणि तिथून सगळीकडे गेली. खलाशी त्या पपनसांच्या गोणी भरून नेतात आणि निसर्गाच्या औदार्याबद्दल बोलतात. पण हे औदार्य निसर्गाचं कमी आणि वाडी लावणाऱ्याचं जास्त. कोकणी माणसाला हे पटकन कळेल. कुलूपबंद घराच्या मागची वाडी चार पावसाळे कुणी बेणली नाही की लांबून रानच दिसते. पण तिच्यात शिरल्यावर माड ओळीत आहेत हे ध्यानात येतंच. फरक एवढाच की कोकणातला चाकरमानी गणपतीला परत येऊन कुलूप उघडतो.

हाकाउईतली घरं मुंबईला गेली नाहीत. ती मेली. बाहेरच्या जगाशी पहिली गाठ पडली 1595 मध्ये, दक्षिणेकडच्या बेटांवर. स्पॅनिश दर्यावर्दी मेंडान्याने पेरूच्या व्हाइसरॉयवरून बेटांना मार्केसास हे नाव दिलं आणि त्याच्या माणसांनी किनाऱ्यावर रक्ताचा सडा घालून काढता पाय घेतला. मग पावणेदोनशे वर्षं कुणी फिरकलं नाही. 1774 मध्ये कुक आला. 1791 मध्ये अमेरिकन आणि फ्रेंच व्यापारी जहाजांनी उत्तरेकडची बेटं नकाशावर आणली, आणि 1804 मध्ये रशियाचा क्रुझेनश्टर्न नुकू हिवाला थांबून गेला. त्यानंतर रांगच लागली. कॅन्टनच्या बाजाराला चंदन हवं होतं; दहा-बारा वर्षांत इथल्या डोंगरांवरचं चंदन जवळजवळ संपलं आणि मोबदल्यात बंदुका आल्या. 1813 मध्ये अमेरिकन नौदलाचा कॅप्टन डेव्हिड पोर्टर ताइओहाएत तळ देऊन बसला, एका टोळीची बाजू घेऊन दुसरीशी लढला आणि ताइपी दरीतली गावं त्याने जाळली. देवमाशांच्या शिकारी जहाजांनी दारू आणि गुप्तरोग आणले. 1842 मध्ये फ्रान्सने बेटं ताब्यात घेतली. मिशनऱ्यांनी गोंदण, नाच, जुनी गाणी यांच्यावर गदा आणली. 1863 मध्ये तर कहर झाला. पेरूच्या गुलामव्यापाऱ्यांनी पळवून नेलेल्यांपैकी काहींना परत आणणाऱ्या फ्रेंच जहाजाबरोबर देवी आली आणि नुकू हिवा व शेजारच्या उआ पू बेटावर दऱ्याच्या दऱ्या रिकाम्या झाल्या. उरलेलं काम क्षयाने केलं. युरोपीय येण्यापूर्वी या बेटांवर किती माणसं होती यावर अभ्यासकांत एकमत नाही, पण काही अंदाज पन्नास हजार आणि त्याहून वरचे आहेत. 1920 च्या दशकात साऱ्या समूहात मिळून दोन-सव्वादोन हजार उरली होती. आज ती संख्या नऊ हजारांच्या वर आहे. तेव्हा मात्र शंभरातली पाच माणसं उरावीत आणि त्यांच्यावर सगळ्या गावाचे वाडे, शेतं, देव, वाटा सांभाळायची वेळ यावी, असं काहीसं ते होतं. त्यांनी वरच्या दऱ्या सोडल्या आणि चर्च, दवाखाना, जहाज असेल तिथे, किनाऱ्यावर, येऊन राहिली. हाकाउई ‘दुर्गम’ झाली ती अशी. दुर्गमता हा त्या डोंगराचा गुण नव्हे. ती तिथे घडलेली गोष्ट आहे, आणि तिला तारखा आहेत.

मग हे डोळ्यांआड कसं जातं? त्यातही बाहेरच्यांच्या लेखणीचा मोठा वाटा आहे. जुलै 1842 मध्ये हर्मन मेल्व्हिल नावाचा बावीस वर्षांचा खलाशी देवमाशांच्या शिकारी जहाजातून ताइओहाएला पळाला, डोंगर ओलांडून ताइपी दरीत पोचला आणि महिनाभराने दुसऱ्या जहाजावर चढून निघून गेला. त्यावर त्याने 1846 मध्ये ‘टायपी’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यात महिन्याचे चार महिने केले आणि पाश्चात्त्य वाचकाला दक्षिण समुद्रातला स्वर्ग मिळाला. मेल्व्हिलला माणसं दिसली होती, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं; मिशनऱ्यांना आणि फ्रेंचांना त्याने चार शब्द सुनावलेही. पण वाचकाने पुस्तकातून उचललं ते नंदनवन. 1888 मध्ये रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन ‘कॅस्को’ या भाड्याच्या नौकेतून नुकू हिवाच्या अनाहो खाडीत आला. हौसेने समुद्रफिरस्ती करणाऱ्या आजच्या खलाशांचा तो एका अर्थाने पूर्वज. त्याने मात्र रिकामी जोती पाहिली, मरणाची चर्चा ऐकली आणि तसं लिहिलं. त्याचं ते लिखाण त्याच्या साहसकथांइतकं कुणी वाचलं नाही. पुढे अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या ‘सर्व्हायव्हर’ स्पर्धेचा एक हंगाम 2001 मध्ये नुकू हिवावर चित्रित झाला. स्पर्धेची अटच अशी की जागा निर्मनुष्य वाटली पाहिजे. आणि खलाशांनी हाकातेआला दिलेलं नाव बघा: ‘डॅनियल्स बे’. तिथे दीर्घकाळ राहिलेला डॅनियल नावाचा म्हातारा येणाऱ्या नौकांना पिण्याचं पाणी द्यायचा, म्हणून. नाव प्रेमाने दिलेलं आहे यात शंका नाही. पण एका टोळीच्या खाडीला तिथे भेटलेल्या एकट्या माणसाचं नाव मिळावं, यातच सगळा इतिहास येतो.

यावर एक आक्षेप सरळ आहे आणि तो वजनदारही आहे. माणसं होती, गेली, वाईट झालं; पण 350 मीटरवरून पडणारं पाणी काही त्यांनी पाडलेलं नाही. मान्य. नुकू हिवा हा समुद्रतळातून वर आलेला ज्वालामुखी आहे, वय चाळीस लाख वर्षांच्या आसपास. लाव्ह्याचे थर एकावर एक साचले, ज्वालामुखीचा एक भाग खचला, नद्यांनी उरलेलं कापत नेलं आणि हाकाउईची घळ तयार झाली. सह्याद्रीही बेसॉल्टचाच आहे, फक्त त्याहून पंधरा-सोळा पट जुना. त्यामुळे काळ्या कड्यावरून सुटणाऱ्या पाण्याच्या धारेचं मराठी माणसाला नवल कमी आणि ओळख जास्त वाटेल. धबधबा निसर्गाचाच आहे. प्रश्न त्याच्याकडे जाण्याचा आहे. धबधबा ‘दुर्गम स्थळ’ होतो तो वाटेमुळे; वाटेचा शेवट म्हणूनच त्याचं मोल. आणि ती वाट, तिचे दगड, तिच्यावरची सावली, तिथे खायला मिळणारं फळ, हे सगळं कुणीतरी केलेलं आहे. रायगडावर जाऊन फक्त ढग बघून येणाऱ्याला आपण काय म्हणू? ढग सुंदर असतात हे कोण नाकारतंय.

उलट, धबधबा निव्वळ निसर्ग मानल्याने माणूस अधिक धोक्यात येतो, असं माझं म्हणणं आहे. वाइपोला पाणी येतं ते बेटाच्या मधल्या तोओवी पठारावरून. ते समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवर आहे आणि ढग आधी तिथे अडतात. नांगरलेल्या नौकेवर लख्ख ऊन असताना पठारावर धो धो पाऊस पडत असू शकतो. दरीच्या तळातून आभाळाची फक्त एक चिंचोळी पट्टी दिसते. वर काय चाललंय ते पाणी गढूळ होऊन चढू लागेपर्यंत कळत नाही, आणि मग परतीच्या वाटेवर तीच नदी पुन्हा पुन्हा ओलांडायची असते. घाटमाथ्यावर पाऊस झाला की कोकणातला ओढा कोरड्या अंगणातून कसा अचानक धावून येतो हे ज्याने ऐकलंय त्याला वेगळं सांगायला नको. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्याच्या प्रवाहात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, ती याच गणिताने: पाणी खालून वाढत नाही, वरून येतं. हाकाउईत शिवाय कड्यावरून सुटणाऱ्या दगडांची भीती आहे. डोहापाशी रेंगाळू नका असं बजावतात ते त्यासाठी. पायाला जखम असेल तर लेप्टोची भीती, जी मुंबईच्या पावसाळ्यात आपल्याला परिचयाची आहे. आणि ‘नोनो’: डोळ्याला जेमतेम दिसणारी चावरी माशी, पुळणीवर एका जातीची, दरीत दुसऱ्या. चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी अंगभर गांधी उठतात, खाजवलं तर त्या चिघळतात. आज पठारावर पाऊस आहे का, नदी कालपेक्षा चढलीय का, कुठून ओलांडायचं, हे कुठल्याही नकाशावर नसतं. ते वाटेच्या तोंडाशी राहणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. जो दरीला निर्मनुष्य समजून चालू लागतो तो त्याला विचारत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा. अलीकडे हाकाउईतले रहिवासी वाटेच्या देखभालीसाठी चालणाऱ्यांकडून शुल्क घेतात. सांगून ठेवलं तर जेवण रांधतात, फळं विकतात. यावर कुरकुर होते की निसर्गालाही तिकीट लागलं, साधी माणसं व्यापारी झाली. ही कुरकुर मला गमतीची वाटते. ज्या नौकेच्या एका शिडाची किंमत दरीतल्या कुटुंबाला वर्षभर पुरावी, तिचा मालक पडलेलं झाड बाजूला करणाऱ्याला दोन पैसे द्यायला कचरतो. शिवाय जमीन मोकळी नाही. फ्रेंच पॉलिनेशियात कितीतरी जमिनी वारसांमध्ये न वाटलेल्या, सामाईक राहिल्या आहेत. पणजोबाच्या नावावरची जमीन आणि हक्कदार साऱ्या बेटांवर पांगलेले. सातबाऱ्यावर बावीस नावं असलेल्या महाराष्ट्रीय वाचकाला हे समजवायची गरज नाही. वाटेच्या कडेचं पपनसाचं झाड कुणाचं तरी असतं. घळीतलं जोतंही कुणाच्या तरी पूर्वजाचं असतं, आणि बऱ्याचदा ते कुणाचं हे त्या घराला ठाऊक असतं. हां, शुल्काची रक्कम काय असावी, ती कुणी घ्यावी, तिचा हिशेब कुणी ठेवावा, यावर वाद होऊ शकतो; तो गावाने गावात करावा. पण ‘निसर्ग सगळ्यांचा’ हे वाक्य नांगर टाकणाऱ्याच्याच सोयीचं कसं असतं, हे एकदा तपासून बघायला हरकत नाही.

तिसरा आक्षेप अधिक भावनेचा आहे. विमानाने टपकणाऱ्या पर्यटकाची गोष्ट वेगळी. महिनाभर वाऱ्यावर भरवसा ठेवून, पहारे देऊन, इथवर आलेल्याने एकांत कमावलेला असतो. या कष्टांचा मला आदर आहे. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेवरून दिलीप दोंदे 2010 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले तेव्हापासून आपल्याकडेही या वेडाची किंमत कळू लागली आहे. पण इथे शिडाने आलेला तो पहिला नाही, हे त्याने विसरू नये. सुमारे हजार वर्षांपूर्वी जोडहोड्यांमधून, होकायंत्राशिवाय, तारे, लाटांची दिशा आणि पक्षी वाचत जी माणसं आली, त्यांनी सोबत नीरफणसाचे फुटवे, डुकरं, कोंबड्या आणि बायकापोरं आणली होती. ती राहायला आली होती. त्यांच्या वंशजांच्या लेखी हाकाउई हे जगाचं टोक नाही. ताइओहाएहून मोटरबोटीने अर्ध्या तासाचं, खोबरं काढायला जायचं ठिकाण आहे. ‘आरानुई’ हे मालवाहू-प्रवासी जहाज ठरलेल्या वेळापत्रकाने बेटाला येतं आणि ताहितीहून विमानंही येतात. 1978 मध्ये स्थापन झालेल्या ‘मोतू हाका’ या संस्थेने भाषा, नाच, गोंदण पुन्हा उभं केलं. 1987 पासून ‘मातावा’ नावाचा बेटांचा उत्सव भरतो आणि त्या निमित्ताने रान साफ करून जुनी पटांगणं मोकळी केली जातात. म्हणजे जोती नुसती सापडत नाहीत, ती वापरात परत येताहेत. या लोकांनी आपल्या बेटांना मार्केसास कधीच म्हटलं नाही. त्यांचं नाव उत्तरेत ‘ते हेनुआ एनाना’, दक्षिणेत ‘ते फेनुआ एनाता’. अर्थ एकच: माणसांची भूमी. जुलै 2024 मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या बैठकीत या बेटांची नोंद झाली तीही मार्केसासच्या आधी ‘ते हेनुआ एनाता’ लिहून, आणि निसर्ग व संस्कृती असा दुहेरी वारसा म्हणून.

तेव्हा कुणी मराठी माणूस कधी शिडाने, जहाजाने किंवा विमानाने नुकू हिवाला गेला, तर त्याने वाइपोला जरूर जावं. पहिल्या घरापाशी थांबावं, ‘काओहा’ म्हणून नमस्कार करावा, नदीचं विचारावं, मागतील ते शुल्क द्यावं. पपनस हवं असेल तर मागून घ्यावं. डोहावरून लवकर निघावं, म्हणजे परतताना भरतीही सापडते आणि जोती बघायला उजेडही राहतो. फक्त त्या जोत्यांवर बसून डबा उघडू नये. त्यासाठी नदीकाठी दगड भरपूर आहेत, आणि नोनोही.